लेक दापोलीला चालली, बॅग कुणी भरायची?

पत्र थोडक्यात असं आहे. बीड जिल्ह्यातलं कोरडवाहू शेतीचं घर. थोरल्या मुलीला दापोलीच्या कृषी महाविद्यालयात बी.एस्सी. कृषीला प्रवेश मिळालाय आणि पुढच्या आठवड्यात वसतिगृहात दाखल व्हायचंय. शिकायला घराबाहेर पडणारी ही घरातली पहिलीच मुलगी. आईने मोबाईलवर बघून आणि जावेला विचारून ऐंशी-नव्वद वस्तूंची यादी केली, तीन बॅगा आणि एक लोखंडी पेटी भरली. मुलगी म्हणते, एवढं घेऊन गेले तर पोरी हसतील, मला एक सॅक पुरे. दिवसा मुलगी सामान बाहेर काढते, रात्री ती झोपली की आई परत भरते. वडील म्हणतात, मायलेकींचं ठरलं की सांगा, जीपवाल्याला निरोप द्यायचाय. आईने शेवटी लिहिलंय, "मी सासरी आले तेव्हा माझ्या आईने सुईदोऱ्यापर्यंत सगळं दिलं होतं. परक्या मुलखात, त्यात एवढा पाऊस, हिला काही कमी पडलं तर? आम्ही माळकरी, तिकडे सगळीकडे मासळी. काही मिळतही नसेल. नेमकं काय द्यावं आणि हिला कसं समजवावं?"

ताई,

आधी अभिनंदन. कोरडवाहू रानात वाढलेली मुलगी शेतीच शिकायला निघाली, याचा तुमच्या पत्रात कुठेच उल्लेख नाही, सगळं पत्र सामानाने भरलंय. तो आनंद तेवढा मागे ठेवू नका.

काय न्यायचं ते मी सविस्तर सांगणार आहे. मी कोकणातच राहते, बरीच वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, त्यामुळे पहिल्या दिवशी जिन्यावरून वर चढणारं आणि दिवाळीला निम्मं परत खाली उतरणारं सामान मी पुष्कळ पाहिलंय. पण त्याआधी तुमच्या त्या सुईदोऱ्याच्या वाक्याबद्दल बोलू.

बाईमाणूस सामान बांधून घर सोडतं, याचा तुमच्यापाशी एकच अनुभव आहे आणि तो लग्नाचा. तेव्हा पेटीत काय आहे हे चार बायका बघणार होत्या. एखादी गोष्ट राहिली तर नव्या घरात ती मागायची कुणाकडे, हाही प्रश्न होता. म्हणून तुमच्या आईने सगळं दिलं आणि शहाणपणाने दिलं. तुम्ही आज नकळत तसंच रुखवत मांडताय. लेक मात्र नांदायला चाललेली नाही. दीड-दोन महिन्यांनी दिवाळीला घरी येईल, तेव्हा राहिलेलं नेईल, नको असलेलं आणून टाकेल. खिशात फोन आहे, गावात बाजार आहे. तिच्या बॅगेत काय आहे हे दुसऱ्या कुणी बघायचं नाही, ते फक्त तिला सापडलं पाहिजे. रात्री ती झोपल्यावर भरलेली वस्तू तिला तिथे कशी सापडणार, ते तुम्हीच सांगा.

दुसरं, "तिथे काही मिळत नसेल". दापोली तालुक्याचं ठिकाण आहे. इंग्रजांच्या छावणीमुळे जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. कोकण कृषी विद्यापीठ तिथे 1972 पासून आहे, म्हणजे बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना काय लागतं हे तिथल्या दुकानदारांना दोन पिढ्यांपासून ठाऊक आहे. बादली, मग, चिमटे, दोरी, गादी, कुलूप, छत्री, वह्या, साबण सगळं मिळतं. तुम्ही बीडहून बादली नेणार म्हणजे शेकडो किलोमीटर एक पोकळ वस्तू मांडीवर धरून नेणार.

आणि मुलूख परका म्हणाल, तर याच तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे पोरवयात परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले होते, घाट चढून. तिथे पोचल्यावर 'वय लहान दिसतं' म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. याच माणसाने पुढे 1916 मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ काढलं. घाटाखालून वर आणि वरून खाली शिकायला जाण्याची वहिवाट जुनी आहे. तुमच्या लेकीला निदान एसटीचं अर्धं तिकीट आहे. महिलांची ही निम्म्या तिकिटाची सवलत मार्च 2023 पासून सुरू आहे, दिवाळीला येताना तिच्या लक्षात असू द्या.

पावसाबद्दल मात्र तुम्हाला वाटतेय त्यापेक्षा जास्तच काळजी करायला हवी, फक्त ती वेगळ्या जागी. तुमच्याकडे वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. दापोलीत साडेतीन हजारांच्या आसपास पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. माणूस भिजतो, त्याचं काही नाही, अंग पुसलं की झालं. भिजलेली वस्तू वाळत नाही, हे खरं दुखणं. आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, हवा इतकी दमट की कपाटात घडी घालून ठेवलेल्या कोरड्या कपड्यांनाही कुबट वास येतो. मोबाईलवरच्या याद्या पुण्या-दिल्लीच्या मुलींसाठी केलेल्या असतात, त्यात हे कुठून येणार?

माझ्या वसतिगृहात सोलापूरकडची एक मुलगी होती. वडिलांनी हौसेने काळे चामड्याचे बूट घेऊन दिलेले. खराब होऊ नयेत म्हणून तिने ते खोक्यातच ठेवले, कॉटखाली. गणपतीच्या सुट्टीनंतर काढले तर दोन्ही बुटांवर पांढरी-हिरवट लव उगवलेली, आतपर्यंत. कापडाने पुसली, परत चार दिवसांत आली. बुटांसोबत खोक्यातली पावती, जवळ ठेवलेला पट्टा, पट्ट्याला चिकटलेली पर्स, सगळ्याला बुरशी. वापरातली वस्तू एक वेळ टिकते, जपून ठेवलेली आधी जाते. कोकणातला पावसाळा असाच असतो.

या हिशेबाने तुमच्या यादीतल्या वस्तू बघू.

तुम्ही आजीच्या हातची वाकळ बांधलीय असं लिहिलंय. ती आत्ता देऊ नका. जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर, एकदा ओल धरली की आठवडाभर पंख्याखाली टाकली तरी आतून वाळायची नाही, आणि त्या वाकळीचा वास लेकीला घरची आठवण देण्याऐवजी शिंका देईल. सोलापुरी चादरीचंही तेच. सप्टेंबरात दोन पातळ सुती चादरी आणि एक पातळ शाल पुष्कळ झाली. वाकळ दिवाळीनंतर द्या. कोकणात थंडी नसते हा घाटावरचा समज आहे. दापोली डोंगरावर आहे, डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. तेव्हा ती वाकळ तिच्या मैत्रिणी मागून घेतील.

जाड टर्किश टॉवेल काढा, दोन-तीन पंचे द्या. तासाभरात पिळून-झटकून निम्मे वाळतात. जीन्स एकच, तीही अंगावर घालून जायची. बाकी पातळ, सिंथेटिक मिश्रणाचे, पटकन वाळणारे कुर्ते, लेगिंग, ट्रॅकपँट. रोजचे सहा-सात जोड आणि एक बरा ड्रेस. आतले कपडे मात्र नेहमीच्या दुप्पट, दहा-बारा जोड तरी. यात काटकसर करू नका. आदल्या दिवशीचे वाळले नाहीत म्हणून मुली ओलसर कपडे तसेच चढवतात आणि महिन्याभरात जांघेत, काखेत नायटा घेऊन येतात. मग लाजेपोटी सांगत नाहीत, दुकानातून कुणीतरी सुचवलेली ट्यूब आणतात. अशा पुष्कळ ट्यूबमध्ये स्टेरॉईड असतं. आधी बरं वाटतं, मग नायटा पसरतो आणि हटता हटत नाही. तिला एवढं सांगून ठेवा की अंगावर काहीही उठलं तरी थेट डॉक्टरकडे जायचं. पाळीच्या दिवसांसाठी दोन महिन्यांचे पॅड सोबत द्या. घरी कापड वापरायची सवय असेल तर या पावसात ती नको, कारण ते उन्हात कडकडीत वाळल्याशिवाय वापरणं धोक्याचं आणि ऊनच नाही.

पायांचं बघू. कृषीची मुलगी आहे, वर्गापेक्षा बांधावर जास्त उभी राहील. एक जोड गमबूट, एक जोड रबरी पावसाळी चपला, एक जोड साधे कॅनव्हासचे बूट. चामडं नको. गमबूट पाय मापून घ्यायचे, म्हणून दापोलीतच घेतलेले बरे. भातखाचरातल्या चिखलात अनवाणी शिरायची हौस तिला असेल, शेतकऱ्याची पोर आहे, पण तुमच्याकडचं रान आणि इथलं खाचर यांत फरक आहे. साचलेल्या पाण्यात उंदरांचं, गुरांचं मूत मिसळलेलं असतं आणि पायाला चीर असेल तर त्यातून लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा संसर्ग होतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात दर पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण निघतात. ताप आला आणि अंग, विशेषतः पोटऱ्या ठणकल्या, तर डॉक्टरला 'मी चिखलात काम केलंय' हे आपण होऊन सांगायचं. लवकर कळलं तर साध्या प्रतिजैविकांनी बरा होणारा आजार आहे. बूट घालण्याआधी उलटा करून झटकायचा. इथे फुरसं नावाचा विषारी साप असतो, वीतभर-हातभर लांबीचं, मातकट, जांभ्या दगडावर दिसतही नाही. घाबरवत नाहीय. तुमच्याकडेही नाग-घोणस आहेतच, ती या बाबतीत अडाणी नाही. चावलं तर बांधाबांध, चिरणं काही करायचं नाही, पाय न हलवता थेट सरकारी रुग्णालय.

त्यासाठी आणि एरवीसाठीही चांगली बॅटरी, म्हणजे टॉर्च, लागते. फोनची नको, वेगळी, चार्ज होणारी. सोबत पॉवर बँक. कोकणात पावसाळी लाइट जाते ती तासाभरात येईलच असं नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात विजेचे खांबच आडवे झाले आणि कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. ते टोकाचं उदाहरण झालं, एरवी चार-सहा तासांची तयारी असावी. इलेक्ट्रिक किटली आणि पाणी तापवायचा रॉड तुमच्या यादीत आहे. बहुतेक वसतिगृहांत दोन्हींना बंदी असते आणि सापडले की जप्त होतात. मी स्वतः कपाटभर जप्त केलेत. आधी विचारा, मग घ्या.

छत्री की रेनकोट, यावर घरात वाद झाला असेल तर दोन्ही घ्या. इथला पाऊस आडवा येतो, वाऱ्यात छत्री उलटते, आणि शेतावर हात मोकळे लागतात, म्हणून पँटसकट रेनकोट. वर्गात आणि बाजारात जायला छत्री. सॅकला पावसाळी कव्हर, वह्यांना आत प्लास्टिकची पिशवी.

पेटी राहू द्या. ती जड, जिन्यावरून चढवायला दोन माणसं, आणि खारट दमट हवेत पत्र्याला वर्षभरात गंज. नव्या चाकांच्या बॅगेसाठी तुम्ही पैसे बाजूला काढलेत, तेही वाचवा. ओल्या चढावर आणि जांभ्याच्या पायऱ्यांवर चाकं काही कामाची नाहीत. पाठीवर एक मोठी सॅक आणि हातात एक कापडी बॅग, दोन्हींच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी घातलेली. यात जे मावलं ते सामान. लेकीची एक आणि तुमची एक, अशी तडजोडही झाली.

गादीबद्दल जावेने सांगितलंय की कापसाचीच चांगली. घाटावर असेल. इथे कापूस ओल पितो. फोमची किंवा काथ्याची घ्या, तीही तिथे जाऊन, कॉटचं माप बघून. अंगावरची मच्छरदाणी बरोबर न्यायला हरकत नाही.

एवढं सगळं लिहिलं, पण पहिल्या दिवशी एखाद्या मुलीला परत पाठवायची वेळ माझ्यावर आली असेल तर ती कागदांमुळे. बादली नसली तर शेजारीण देते. दाखल्याची मूळ प्रत कोण देणार? दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, सीईटीचं गुणपत्रक, प्रवेशाचं पत्र, आधार, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असेल तर जातप्रमाणपत्र, जातवैधता, नॉन-क्रिमिलेअर. प्रत्येकाच्या पाच-सहा झेरॉक्स, पासपोर्ट फोटो डझनभर. मूळ कागद चेन असलेल्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये, ती फाइल कपड्यांच्या बॅगेत अजिबात नाही, वडिलांच्या नाहीतर लेकीच्या खांद्याला. निघण्याआधी सगळ्यांचे फोटो काढून तिच्या आणि वडिलांच्या फोनमध्ये ठेवा.

बँकेचं खातं आत्ताच तपासा. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात आणि ती जोडणी झालेली नाही हे मुलींना जानेवारीत कळतं. खातं तुमच्या गावच्या शाखेत असेल तर हे काम घरून निघण्याआधी करून टाका, दापोलीहून ते अवघड जातं. फी सवलतीचा आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा, असे दोन्ही अर्ज बघा. भत्त्याची ती योजना अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. तुम्ही अल्पभूधारक असाल तर तलाठ्याकडून तसा दाखला घेऊन ठेवा, म्हणजे त्यासाठी मुलीला मधूनच गावी यावं लागणार नाही. शिवाय 2024-25 पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. तुम्ही यात बसता का हे महाविद्यालयाच्या कार्यालयात पहिल्याच दिवशी विचारा. सामानाच्या यादीत नव्वद वस्तू आहेत आणि उत्पन्नाचा दाखला नाही, हे वाचून मला जरा धसका बसला.

रॅगिंगचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण मनात असणार. महाराष्ट्रात 1999 पासून त्याविरुद्ध कायदा आहे, प्रवेश घेताना विद्यार्थी आणि पालक दोघांनाही हमीपत्र भरावं लागतं. राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर 1800-180-5522 तिच्या फोनमध्ये आणि वहीच्या मागच्या पानावर, दोन्हीकडे लिहून ठेवा.

आता खाणं. तुमच्या यादीचा तिसरा हिस्सा खाण्याचा आहे: चिवडा, पापड, कुरडया, मेथीचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, येसर, आणि दहा किलो ज्वारीचं पीठ. पीठ कशासाठी? खोलीत तिला चूल पेटवता येणार नाही. दमट हवेत ते पीठ पंधरवड्यात कडू होईल. पापड-कुरडया तळणार कोण? चिवडा दुसऱ्या दिवशी मऊ पडेल. लाडू द्या, पण दहा-बाराच, आणि ते पहिल्या रात्रीच संपतील हे गृहीत धरून द्या, कारण खोलीतल्या मुलींशी बोलायला सुरुवात तिथून होते. शेंगदाण्याची चटणी मात्र भरपूर द्या, फक्त एका मोठ्या बरणीत नको. चार छोटे घट्ट झाकणाचे डबे करा, एक संपेपर्यंत बाकीच्यांचं झाकण उघडायचं नाही, आणि चमचा कोरडा. मेसच्या बेचव भाजीवर ती चटणी तिला महिनाभर तारेल. येसर मेसमधल्या मावशींना नेऊन द्यायला सांगा. त्यांना ठाऊक नसलेला मसाला आहे, एखाद्या दिवशी आमटीला लागला तर तुमच्या लेकीची तिथे वट.

ज्वारीची भाकरी आठवेल, हे खरं. इथे भात आहे, पोळी आहे, तांदळाची भाकरी आहे. पहिला महिना पोट भरल्यासारखं वाटणार नाही, पाच ताटं भात खाऊनही. सवय होते. तिला सोलकढी आवडली तर तुम्हाला दिवाळीला आमसुलं आणून देईल.

मासळीचं सावकाश बोलू या. मेसमध्ये शाकाहारी जेवण असतं, आणि माळकरी कोकणातही काही कमी नाहीत. वास मात्र येणार. खोलीतल्या एखादीच्या डब्यात सुकट असेल, दुसरीच्या घरून सोडे येतील. 'माझ्यासमोर खाऊ नका' असं पहिल्या आठवड्यात म्हणणारी मुलगी वर्षभर एकटी पडते, हे मी पाहिलंय. 'मी खात नाही, मला चमचा वेगळा ठेवू द्या' म्हणणारीला कुणी काही म्हणत नाही. उलट बाकीच्या तिच्यासाठी भाजी बाजूला काढून ठेवतात. पण तुमची भीती बहुधा वासाची नाही. लेक उद्या स्वतः खायला लागली तर, ही आहे. ताई, ती अठराची आहे. माळ घालायची की नाही, पाळायची की नाही, हे ती आता तुमच्या नजरेआड ठरवणार, आणि त्याचा बंदोबस्त कुठल्याच बॅगेत भरता येत नाही. तुम्ही घातलेल्या वळणावर भरवसा असेल तर विषय काढू नका. नसेल तर काढूनही उपयोग नाही.

'हिला कसं समजवावं' असं तुम्ही विचारलंय. माझं मत असं की समजवायला जाऊ नका, बॅग तिला भरू द्या. उद्या सकाळी सगळं सामान ओटीवर काढा आणि तिला सांगा, तू भर, मी बघते. मध्ये बोलायचं नाही. तिने गमबूट विसरला, विसरू दे, दापोलीत मिळतो. भरून झाल्यावर तुम्हाला तीन वस्तू घालायची मुभा मागून घ्या. तीनच, आणि तिच्या देखत. मी असते तर कागदांची फाइल, आतल्या कपड्यांचे वाढीव जोड आणि चटणी या तीन घातल्या असत्या. तुमच्या तीन वेगळ्या असतील. लेकीलाही एक सांगायचंय, तिला हे वाचून दाखवा: 'पोरी हसतील' म्हणून सामान कमी करू नकोस, तुला उचलवत नाही म्हणून कर. हसणाऱ्या पोरीच आठव्या दिवशी कपडे वाळवायची दोरी मागायला येतात.

निघण्याआधी वडिलांनी रेक्टरना एक फोन करावा. गादी मिळते का, कॉट केवढी, खोलीत किती जणी, मेस कोणत्या तारखेपासून सुरू, मधल्या दिवसांत जेवणाचं काय, पार्सल आलं तर पत्ता कसा लिहायचा, इस्त्री-किटली चालते का. पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्मी यादी तिथेच खोडली जाते. रेक्टर तुसडेपणाने बोलल्या तर मनावर घेऊ नका, त्या आठवड्यात आम्हा लोकांना दिवसाला असे शंभर फोन येतात.

प्रवास रात्रीचा नको. जीप असो की एसटी, घाट दिवसाउजेडी उतरा. ताम्हिणीने या किंवा कुंभार्लीने, पावसात दरडीचा भरवसा नाही. वरंध घाट पावसाळ्यात बऱ्याचदा वाहतुकीला बंद असतो, तेव्हा ड्रायव्हर 'जवळचा रस्ता' म्हणाला तरी आधी चौकशी करा. गणपतीच्या आदले चार दिवस मुंबई-गोवा महामार्गावर आख्खी मुंबई उतरलेली असते. दाखल व्हायची तारीख त्यात येत असेल तर दोन दिवस आधीच पोचून महाविद्यालयाला कळवा. शक्यतो दुपारी बाराच्या आत पोचा, म्हणजे कार्यालय उघडं सापडतं, कागद होतात आणि संध्याकाळी गादी-बादली आणायला बाजार मिळतो. पैसे तिच्या हातात देऊन ही खरेदी तिलाच करू द्या. तिथली दुकानं तिला माहीत व्हायला हवीत. गाडीत सगळ्यात वर एक छोटी पिशवी ठेवा: एक जोड कोरडे कपडे, पंचा, चपला. पोचेपर्यंत कुणीतरी भिजलेलं असतंच.

औषधांचा छोटा डबा करा: तापाची गोळी, ओआरएसची पाकिटं, चिकटपट्ट्या, जंतुनाशक मलम, तिला काही नेहमीचं औषध असेल तर ते महिन्याचं. बाकी गावात दवाखाने आहेत. कपाटाच्या खालच्या फळीवर कागद अंथरून डांबरगोळ्या टाकायच्या, बुटांच्या खोक्यात येणाऱ्या त्या छोट्या पुड्या फेकायच्या नाहीत, कपड्यांत ठेवायच्या. चिमूटभरही ऊन पडलं तर कपाटाची दारं उघडून ठेवायची आणि गादी खिडकीशी उभी करायची. पहिलं वर्ष संपेपर्यंत ती तुम्हाला हे शिकवायला लागेल.

आणि दिवाळीसाठी आत्ताच एक कागद भिंतीला लावा. लेकीचा फोन येईल आणि ती 'अगं, ते हवं होतं' म्हणेल, ते त्यावर लिहीत जा. मध्येच पार्सल पाठवायची घाई करू नका. निम्म्या गोष्टी ती आठवड्याभरात तिथेच मिळवेल, त्या खोडून टाका. उरतील त्या दिवाळीनंतर द्या: स्वेटर, वाकळ, सोलापुरी चादर, दुसरी जीन्स. सुट्टीची तारीख कळली की परतीच्या एसटीचं आरक्षण तिला लगेच करायला सांगा. दिवाळीत पुण्याकडच्या गाड्या भरून जातात, आणि पुण्याला उतरून बीडची पुढची गाडी रात्री उशिराची न घेता सकाळची घ्यावी.